भिवजी दारोगा आणि न पाहिलेली काडतुसे

सह्याद्रीच्या डोंगरात करंजखोरे नावाचे एक इवलेसे संस्थान होते. इतके इवलेसे, की महाराज सकाळी राजवाड्यात शिंकले तर दुपारी सीमेवरचा माणूस विचारी, "महाराजांना पडसे झाले का हो?" त्या संस्थानाच्या शिलेखान्यावर भिवजी नावाचा दारोगा होता. बंदुका राखणे, त्या घासूनपुसून ठेवणे आणि काडतुसे भरणे हे त्याचे काम. माणूस हाताचा कसबी आणि तोंडाचा तिखट. आपल्यासारखा काडतूस भरणारा साऱ्या मुलखात नाही, हे तो कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकी. ते खरेही होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला गप्प बसावे लागे.

एके वर्षी पावसाळ्यात खोऱ्यात एक वाघीण उतरली. डोंगरमाथ्यावर गवळी धनगरांच्या वाड्या होत्या, तिथे तिने धुमाकूळ घातला. आधी कुत्री गेली, मग रेडके गेली, मग एका गुराख्याचा खांदाच तिने फाडला. राजा रायाजीराव मनाचा हळवा. हे ऐकून त्याला जेवण गोड लागेना. त्याने प्रत्येक वाडीला एक बंदूक द्यायचे ठरवले आणि दूरच्या शहरातल्या कारखान्यातून काडतुसांच्या नव्या कोऱ्या पितळी पुंगळ्या पोत्यांनी मागवल्या.

पुंगळी म्हणजे काडतुसाचे अंग. तिच्या बुडाशी टिकली बसते, पोटात दारू आणि तोंडात गोळी. चाप ओढला की टिकलीची ठिणगी बुडाच्या बारीक भोकातून आत जाते, दारू पेटते आणि गोळी सुटते. सांगायला एवढेच आहे. पण या एवढ्याशा गोष्टीवर माणसाचा जीव टांगलेला असतो.

राजवाड्याच्या चौकात पहिले पोते ओतले तेव्हा पाहायला जमलेली माणसे श्वास घ्यायची विसरली. पिवळ्याधमक पुंगळ्यांची रासच्या रास उन्हात पडली होती. तिच्याकडे पाहताना डोळे दिपत होते. म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा नकळत हात जोडले. राजा तर लहान मुलासारखा त्या राशीपाशी उकिडवा बसला.

"वा!" तो म्हणाला. "आता काय राहिले भिवजी? भर आणि वाटून टाक."

भिवजी हसला. "महाराज, बाजारातून नवे पातेले आणले म्हणून राणीसाहेब त्यात लगेच आमटी करतात का? आधी कल्हई लागते. नवे म्हणजे तयार नव्हे."

त्याने राशीतून चार पुंगळ्या उचलल्या आणि राजाच्या तळहातावर ठेवल्या. लांबून साऱ्या जुळ्या बहिणी वाटत होत्या. जवळून पाहिल्यावर राजाच्या भुवया वर गेल्या. एकीचे तोंड प्रवासात दबून चपटे झाले होते. दुसरीची कड सुरीसारखी धारदार होती. तिसरी इतरांपेक्षा केसभर उंच होती. चौथीच्या तोंडात पितळेचा बारीक कीस अडकला होता.

मग भिवजी कामाला बसला आणि राजा पाहत बसला. भिवजी पुंगळीच्या तोंडात गुळगुळीत सळई घाली, अलगद फिरवी, आणि चपटे तोंड पुन्हा गोल होई. कानशीने तो कड सारखी करी, आतला खरखरीतपणा काढी, फडक्याने पुसून बोटाने चाचपी. घाई नाही, गडबड नाही. एकामागून एक पुंगळी त्याच्या हातातून जाई आणि एकसारखी होऊन बाहेर पडे. राजाच्या मनात आले, हा माणूस यंत्राने अर्धवट सोडलेले काम पुरे करतो आहे.

सगळ्यात शेवटी भिवजीने एक पुंगळी उचलली, एक डोळा मिटला आणि तिचे तोंड डोळ्याला लावून सूर्याच्या दिशेने धरली. त्या शिलेखान्यात ही चाल त्याच्या आजापासून चालत आली होती. सूर्य पाहिल्याशिवाय एकही पुंगळी भरायची नाही.

"हे काय पाहतोस?" राजाने विचारले.

"तुम्हीच पाहा, महाराज."

राजाने पुंगळी डोळ्याला लावली. आत पिवळसर अंधार होता, आणि त्या अंधाराच्या तळाशी मोहरीएवढा उजेड होता. सारा सूर्य त्या एवढ्याशा भोकातून आत आला होता.  त्याने दुसरी पुंगळी घेतली, तिसरी घेतली. प्रत्येकीच्या तळाशी एकेक ठिपका लखलखत होता. त्याच्या अंगावर काटा आला.

"भिवजी, यांच्या पोटात चांदण्या आहेत रे."

"चांदणी नव्हे, महाराज, वाट आहे ती. ठिणगीची वाट. कारखान्यात यंत्र दिवसभर भोके पाडते. एखाद्या वेळी त्याची सुई मोडते, पण यंत्राला कुठे कळते? ते चालतच राहते. मग बुडाला भोकच नसलेली पुंगळी निघते. आम्ही तिला आंधळी म्हणतो. बाहेरून तीही अशीच झगमगते. वाघापुढे मात्र चाप ओढला की नुसता टिक आवाज येतो, आणि संपले."

राजाच्या शिकारीची पेटी आधी भरायची होती. पावसाने उघडीप दिली होती, ऊन चांगले पडत होते. भिवजीने त्या पेटीतली एकूण एक पुंगळी सळईवर चढवली, कानशीखाली काढली आणि सूर्यापुढे धरली. एकही आंधळी निघाली नाही. पेटी भरून झाली तेव्हा भिवजी तिच्याकडे पाहतच राहिला. आपल्या हातून झालेले काम इतके सुंदर असू शकते, याचे त्याचे त्यालाच नवल वाटले.

मग वाड्यांसाठीचे पोते उघडले, आणि आभाळ भरून आले.

असे आभाळ की दिवस कुठे उगवतो आणि कुठे मावळतो ते कळू नये. भिवजी तोंडे गोल करत होता, कडा घासत होता, पण सूर्य पाहणार कसा? त्याने पुंगळी आभाळाकडे धरून पाहिली. आत नुसता करडा धूर दिसला, आणि बुडाचे सुईएवढे भोक त्या अंधुक उजेडात नुसत्या डोळ्यांना दिसेना. दिव्यापुढे धरावी, तर दारूच्या कोठाराजवळ दिवा आणायची मनाई, आणि दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात एवढे बारीक भोक दिसलेही नसते. तो दोन दिवस वाट पाहत बसला. तेवढ्यात डोंगरावरून ठकू आली.

ठकू म्हणजे वरच्या धनगरवाडीची राखणदारीण. नवरा मागेच वारला होता. घरात दोन लहान पोरे आणि दावणीला एक दुभती म्हैस. त्या म्हशीच्या दुधावर घर चाले. वाडीतले बाप्ये गुरे घेऊन रानोमाळ फिरत, म्हणून वाडीची बंदूक सरकारने हिच्या हाती दिली होती. नेम धरला की तिचा हात दगडासारखा स्थिर राही.

"दारोगासायेब, काडतुसं द्या," ती म्हणाली. "वाघीण काल आमच्या कुडापतुर आली हुती. मला आजच्या आज वर जायाचंय."

भिवजीने पोत्याकडे पाहिले, मग आभाळाकडे. त्याला वाटले, राजाच्या पेटीत एवढ्या पुंगळ्या पाहिल्या, एक तरी आंधळी निघाली का? मग या मूठभर न पाहिल्याने काय बिघडणार आहे? आणि ही बाई किती वेळ खोळंबून राहील? खरे सांगायचे तर त्याच्या मनाच्या कोपऱ्यात आणखीही एक विचार होता. ही काही महाराजांची पेटी नव्हे. तो विचार त्याने स्वतःलाही नीट दिसू दिला नाही. त्याने टिकल्या बसवल्या, दारू भरली, गोळ्या चढवल्या आणि काडतुसे ठकूच्या ओच्यात घातली.

ठकूने एक काडतूस हातात घेऊन निरखले. शिलेखान्यातली चाल साऱ्या खोऱ्याला ठाऊक होती.

"सूर्य बघितला न्हवं ह्यातनी?"

"पाहिला, पाहिला. तू नीघ आता."

ठकूने काडतुसाला कपाळ टेकवले आणि ती निघाली. भिवजी म्हणाला म्हणजे झाले. तिने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग फाटले आणि स्वच्छ ऊन पडले. भिवजीने उरलेले पोते चौकात ओढले आणि तो सवयीने एकेक पुंगळी सूर्यापुढे धरू लागला. उजेड. बाजूला. उजेड. बाजूला. हात आपोआप चालत होते. आणि मग एका पुंगळीत काहीच दिसले नाही.

त्याला वाटले, मध्ये ढग आला. वर पाहिले, आभाळ निळेभोर होते. त्याने पुंगळीत फुंकर मारली, डोळा चोळला, पुन्हा पाहिले. तळाशी अंधार. पालथी करून बूड पाहिले. टिकलीची खोबण होती, भोक नव्हते. साऱ्या हयातीत त्याने आंधळ्या पुंगळीबद्दल फक्त आजाच्या तोंडून ऐकले होते. आज ती त्याच्या चिमटीत होती, आणि बाहेरून इतरांहून काकणभर जास्तच चमकत होती.

भिवजीने ती पुंगळी मुठीत धरली. या पोत्यात एक निघाली. आणखी किती असतील? आणि काल याच पोत्यातून, न पाहता, ठकूच्या ओच्यात कोणत्या गेल्या?

महाराज पूजेला बसले होते. पूजा संपायची वाट पाहायला भिवजीला धीर नव्हता. सूर्य पाहून भरलेली काडतुसे तेवढ्या एकाच पेटीत होती, म्हणून त्याने महाराजांची पेटी खांद्यावर टाकली. पहारेकरी म्हणाला, "दारोगा, पेटी महाराजांची आहे, हुकूम आहे का?" भिवजी म्हणाला, "नाही. आल्यावर शिक्षा घेतो," आणि घाटाला लागला.

त्याचे वय काही घाट चढायचे नव्हते. गुडघे कुरकुरत होते, धाप लागत होती, चिखलात पाय घसरत होते. दोनदा तो पडला. पडताना त्याने पेटी मात्र वर धरली. सारी वाट त्याच्या कानात एकच आवाज येत होता. टिक.

गुरे परतायच्या वेळी तो वाडीच्या खालच्या सपाटीवर पोहोचला, आणि समोर पाहताच जागच्या जागी थिजला.

वाडीच्या तोंडाशी ठकू उभी होती. बंदूक खांद्याला, गाल दस्त्याला टेकलेला. तिच्या मागे तिची दोन पोरे आणि खुंट्याला म्हैस. आणि समोरच्या कारवीच्या झुडपांतून वाघीण बाहेर येत होती.

भिवजीने मेलेले वाघ पाहिले होते, राजवाड्याच्या भिंतीवर. जिवंत वाघ ही गोष्टच वेगळी. तिच्या पावलांचा आवाज नव्हता. पाखरे गप्प झाली होती, वारासुद्धा पडला होता. उतरत्या उन्हात तिच्या अंगावरचे पट्टे हलत होते. ती कुणाला भीत नव्हती, आणि कुणावर रागावलेलीही दिसत नव्हती. सारा डोंगर आपलाच आहे अशी ती चालत होती, आणि त्या क्षणी तो तिचाच होता. भिवजीला एकाच वेळी पळून जावेसे आणि दंडवत घालावेसे वाटले.

ठकूचे बोट चापावर गेले.

"ठकू!" भिवजी छाती फुटेस्तोवर ओरडला. "थांब! काडतुसांचा भरवसा नाही! मी सूर्य पाहिला नाही!"

ठकूने त्याच्याकडे पाहिले नाही. कारण विचारले नाही. चाप ओढल्यावर बंदूक वाजली नाही, तर पुढे काय होते हे तिला कुणी सांगायला नको होते. नळी वाघिणीवरून न हलवता ती एकेक पाऊल मागे सरली, पोरांना पाठीने ढकलत घरात शिरली आणि दार लावून घेतले. वाडीतली सारी दारे धडाधड लागली.

बाहेर राहिली ती म्हैस.

वाघिणीने घाई केली नाही. एक झेप, म्हशीचा एकच आर्त हंबरडा, आणि मग ते धूड तोंडात धरून ती कारवीत ओढत गेली, मांजराने उंदीर न्यावा तशी. दावे तुटून खुंट्याला लोंबत राहिले. भिवजी एका खडकाआड दडून पाहत होता. त्याला रडू फुटले. भीतीने फुटले, लाजेने फुटले आणि जे पाहिले त्याच्या अफाट ताकदीनेही फुटले.

दार उघडून ठकू बाहेर आली. आधी तिने तुटके दावे पाहिले, मग भिवजीला.

"तुमी बघितला म्हनला हुतासा."

"म्हणालो होतो."

"बंदूक हातात हुती. नेम धरल्याला हुता. आन् म्हस डोळ्यांदेखत गेली." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्तच झोंबले. "काल 'न्हाय बघितला' म्हनला असता, तर म्या तुमच्या दारात बसून ऱ्हायले असते. सूर्य काय कायमचा गेला न्हवता."

भिवजीने हात पुढे केला. त्याने आपली काडतुसे तिच्याकडून एकूण एक मागून घेतली, बंदुकीत चढवलेलेसुद्धा. मग महाराजांची पेटी तिच्यापुढे उघडली. "ही मी डोळ्यांनी पाहिलेली आहेत," तो म्हणाला. "माझ्या शब्दावर घेऊ नकोस. त्याची किंमत गेली. पण वाघीण पुन्हा येईल तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा राहतो. बंदूक वाजली नाही तर आधी मी."

ठकूने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले आणि काडतूस उचलले.

दुसऱ्या दिवशी उन्हे उतरता उतरता वाघीण आली. भिवजी ठकूच्या शेजारी उभा होता. तो जागचा हलला नाही. ठकूने चाप ओढला, आणि सारा डोंगर गरजला. एका कड्याने तो आवाज झेलून दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. गोळी वाघिणीच्या कानाशी खडकावर फुटली. वाघिणीने हवेत अशी काही उडी घेतली की क्षणभर ती आभाळाला चिकटल्यासारखी दिसली, आणि मग ती पलीकडच्या दरीत नाहीशी झाली. पुन्हा त्या खोऱ्यात तिचे पाऊल कुणी पाहिले नाही. ठकू म्हणाली, नेम चुकला. वाडीतले लोक म्हणाले, ठकूचा नेम चुकत नसतो, तिने मुद्दामच सोडली असणार. ठकू बंदूक पुसू लागली.

भिवजी राजवाड्यात परतला. परतल्याबरोबर आपल्या गोठ्यातली म्हैस त्याने वर ठकूकडे पाठवली, आणि मग तो राजापुढे जाऊन उभा राहिला. काय केले ते त्याने सारे सांगितले. खोटे बोलल्याचे सांगितले, पेटी विनाहुकूम नेल्याचे सांगितले, आणि ठकूकडून परत आणलेली काडतुसे पुढे ठेवली.

राजा म्हणाला, "उघड ती."

भर चौकात, साऱ्यांसमोर, भिवजीने एकेक काडतूस जपून उघडले. गोळी काढली, दारू ओतली, टिकली काढली. राजाने एकेक पुंगळी घेतली आणि सूर्यापुढे धरली.

पहिलीत उजेड होता. दुसरीत होता. तिसरीत होता. ठकूच्या बंदुकीत चढवलेल्या पुंगळीच्या तळाशी तर असा लखलखीत ठिपका होता की राजाने डोळा मिटून घेतला. सगळ्याच्या सगळ्या पुंगळ्या चांगल्या होत्या. त्यांत एकही आंधळी नव्हती.

चौकात खसखस पिकली. दारोगा उगाच धावला, उगाच पडला, उगाच ओरडला! राजालाही हसू आवरेना.

"भिवजी," तो म्हणाला, "ठकूने चाप ओढला असता तर तिची म्हैस आज दावणीला असती. तुझ्या ओरडण्याने गेली ती. काडतुसे तर सगळी चांगलीच होती!"

भिवजीने मान वर केली.

"चांगली निघाली, महाराज," तो म्हणाला. "मी चांगली केली नव्हती. ती चांगली आहेत हे ठकूला सांगू शकेल असा खोऱ्यात एकच माणूस होता, आणि त्यालाच ते माहीत नव्हते."

हसणाऱ्यांची तोंडे जिथल्या तिथे मिटली. राजाने हातातली पुंगळी हलकेच खाली ठेवली. त्याला शिक्षा सुनावायची होती, पण आपल्या दारोग्याने ती केव्हाच भोगली आहे हे त्याला दिसले. तो उठला, आणि भर चौकात त्याने भिवजीला लवून नमस्कार केला.

तात्पर्य: न पाहता केलेले काम चांगले निघाले, तरी त्याचे श्रेय नशिबाचे असते, आपले नव्हे; दुसऱ्याने ज्यावर जीव टाकायचा, त्याचा भरवसा आपण स्वतः पाहिल्यावाचून देऊ नये.